अवघड चेंडूची बॅट

क्रीडासाहित्याच्या दुकानात बॅट घ्यायला आलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. रांगेतली एक बॅट उपसून तो दोन पावलं मागे सरतो, समोरच्या ट्रॅकसूटांच्या ढिगाकडे रोखून पाहतो आणि नसलेल्या चेंडूला कव्हर ड्राइव्ह मारतो. मग एक ऑन ड्राइव्ह होतो आणि आजूबाजूला जागा असेल तर एक पुलही. तेवढ्यावर मान हलवून तो ‘पिक-अप छान आहे’ असं म्हणतो आणि किंमत विचारतो. या हवेतल्या सामन्यात पायाच्या अंगठ्यावर यॉर्कर पडत नाही, ऑफ स्टंपच्या बाहेर शेवटच्या क्षणी चेंडू निघून जात नाही आणि चाळीस षटकं क्षेत्ररक्षण करून दंड भरून आलेले नसतात. दुकानातला प्रत्येक फलंदाज नाबाद असतो. ‘आपल्या शैलीला साजेशी बॅट घ्या’ हा सल्ला ऐकायला रास्त वाटतो, पण तो पाळण्याची रीत बहुधा ही अशी असते. आपण आपल्या सर्वांत देखण्या फटक्यासाठी बॅट निवडतो. माझं म्हणणं असं आहे की बॅट आपल्याला सर्वांत अवघड जाणाऱ्या चेंडूसाठी निवडावी, कारण देखणा फटका कुठल्याही बऱ्या बॅटने बसतो. बॅटचा खरा कस दुसरीकडे लागतो.

आधी प्रचलित सल्ल्याला न्याय द्यायला हवा, कारण त्यात शहाणपण आहे. बॅटच्या पात्यावर एक पट्टा असा असतो, की तिथे चेंडू लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि चेंडू मात्र सणसणत जातो. त्याला आपण स्वीट स्पॉट म्हणतो, मैदानावर नुसतं ‘मिडल’. पाठीमागचं लाकूड कारागिराने कुठे भरीव ठेवलंय यावर हा पट्टा वर जातो की खाली येतो ते ठरतं. सर्वसाधारण नियम असा सांगतात, की पुढच्या पायावर खेळणाऱ्याने आणि चेंडू खाली राहणाऱ्या खेळपट्ट्यांवर खेळणाऱ्याने मिडल खाली असलेली बॅट घ्यावी. मागच्या पायावर कट-पुल खेळणाऱ्याने आणि उसळत्या खेळपट्टीवाल्याने मिडल वर असलेली. टोलेबाजाने जड घ्यावी, टायमिंगवाल्याने हलकी. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. अडचण आहे ती त्याआधी गृहीत धरलेल्या वाक्याची, की प्रत्येक खेळणाऱ्याजवळ एक ठरलेली शैली असते आणि ती त्याला नीट ठाऊक असते. रविवारी सकाळी मैदानावर उतरणाऱ्या दहांतल्या आठ जणांना विचारा, ते स्वतःला ‘स्ट्रोक प्लेअर’ म्हणवतील. धावफलकाची वही काढली, तर त्यांच्या बऱ्याचशा धावा थर्ड मॅनला आणि स्क्वेअर लेगच्या मागे निघालेल्या दिसतील. शैली म्हणून आपण जे सांगतो ती पुष्कळदा इच्छा असते, आणि इच्छेला साजेशी बॅट घेणं म्हणजे आरशातल्या माणसाच्या मापाचा सदरा शिवणं.

बॅटचा इतिहास माझ्या बाजूने साक्ष देतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये गोलंदाज चेंडू जमिनीवरून सरपटत टाकत, तेव्हा बॅट हॉकीच्या काठीसारखी खाली वळलेली असे. सरपटत्या चेंडूला तोच आकार योग्य होता. त्या शतकाच्या साठीच्या दशकाच्या आसपास गोलंदाज चेंडूला टप्पा देऊ लागले, चेंडू उसळायला लागला आणि वाकडी बॅट निकामी ठरली. सरळ पात्याची बॅट आली. हॅम्बल्डन क्लबचा फलंदाज जॉन स्मॉल पीटर्सफील्ड गावात बॅट बनवत असे, आणि सरळ बॅटचं श्रेय बहुधा त्यालाच दिलं जातं. हा बदल कुठल्या फलंदाजाला नवा फटका सुचला म्हणून झाला नाही. समोरून येणारा चेंडू जुन्या बॅटला आवरेना, म्हणून झाला. १७७१ साली रायगेटचा टॉमस व्हाइट तर चर्टसीकडून हॅम्बल्डनविरुद्ध खेळताना यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. अवघड चेंडूचा धसका घेतलेल्या माणसाने टोकाला जाऊन काढावा, तसा तो तोडगा होता. हॅम्बल्डनवाल्यांनी आक्षेप घेतला आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली, ती आजतागायत तेवढीच आहे. व्हाइटसाहेबांची पद्धत खिलाडू नव्हती, पण बॅट कशासाठी असते याविषयी त्यांचा गैरसमज मुळीच नव्हता.

मग लाकडाकडे वळू, कारण पैसे तिथे जातात आणि फसगतही तिथेच होते. बॅटचा विलो हे पाणथळ जागी वाढणारं झाड. पूर्व इंग्लंडातल्या एसेक्स-सफोक भागात ते लागवडीने वाढवतात आणि साधारण पंधरा-वीस वर्षांत तोडतात. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांच्या काठी उगवणारा वाळुंज याच कुळातला, म्हणजे नात्याने भाऊबंद. मात्र बॅटच्या कामाला तो येत नाही. इंग्लिश विलो ब्रिटिश काळात काश्मीरमध्ये लावला गेला आणि आज अनंतनाग जिल्ह्यात संगम-बिजबेहाऱ्याच्या परिसरात महामार्गाच्या कडेला विलोच्या फळ्यांच्या चवडी सुकत ठेवलेल्या दिसतात. मेरठ आणि जालंधर ही बॅट घडवण्याची मोठी केंद्रं. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी हा धंदा तिथे रुजवला, आणि इंग्लंडहून आलेल्या विलोचे तुकडेही तिथेच तासले जातात. विलोच का, याचं उत्तर त्याच्या तंतूंत आहे. तो वजनाला हलका, आणि मार खाल्ला की फुटण्याऐवजी दबणारा. कारखान्यात पात्याचा दर्शनी भाग दाबयंत्राखाली घट्ट करतात, नंतर घरी जवसाचं कच्चं तेल पाजून, लाकडी हातोड्याने तासन्‌तास ठोकून ती बॅट ‘बनवावी’ लागते. वर कठीण, आत मऊ असं हे लाकूड चेंडूला परत फेकतं आणि स्वतःही टिकतं.

दुकानात मात्र आपण तंतू मोजतो. पात्यावरच्या उभ्या रेषांना खेळाडू ग्रेन म्हणतात. एक रेष म्हणजे झाडाचं साधारण एक वर्ष. दहा-बारा सरळ, समान अंतराच्या रेषा दिसल्या की किंमत वाढते. दाट ग्रेनची बॅट लवकर ‘लागते’ आणि बहुधा लवकर थकतेही, विरळ ग्रेनची तयार व्हायला वेळ घेते आणि मग साथ देते, असा खेळाडूंचा जुना अनुभव आहे. प्रतवारी पुष्कळ अंशी दिसण्यावर होते. एखादा तपकिरी डाग किंवा कडेला लाकडाची लालसर छटा यामुळे बॅट खालच्या प्रतीत ढकलली जाते, पण चेंडूला डाग दिसत नाही. तीच गोष्ट जाड कडांची. हल्लीच्या बॅटचं अंग पूर्वीपेक्षा भरदार असतं, आणि वजन मात्र फारसं वाढलेलं नसतं. हा चमत्कार नाही. कमी घनतेचं, जास्त सुकवलेलं लाकूड वापरलं की आकार मोठा आणि वजन तेवढंच राहतं. याची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते. जाडीची ही शर्यत इतकी वाढली, की १ ऑक्टोबर २०१७पासून नियमानेच कड ४० मिलिमीटर आणि खोली ६७ मिलिमीटरवर बांधून टाकावी लागली. आंतरराष्ट्रीय खेळाडूला मोसमात चार-सहा बॅट मोडल्या तरी चालतं. पगारातून बॅट घेणाऱ्याच्या बाबतीत हा हिशोब वेगळा असतो, आणि त्याची बॅट मोडते ती देखण्या फटक्याने नव्हे. ती मोडते तळाशी यॉर्कर बसून, किंवा कडेवर नवा चेंडू आदळून. म्हणजे लाकडाच्या टिकाऊपणाचा प्रश्नसुद्धा शेवटी अवघड चेंडूशीच येऊन ठेपतो.

आता वजन. इथे अंकगणित करून पाहणं बरं, कारण वजनाबद्दल मैदानावर जितकी ठाम मतं आढळतात तितका हिशोब आढळत नाही. चेंडू नियमाने १५५.९ ते १६३ ग्रॅमचा. बॅट १,२०० ग्रॅमची धरली तर ती चेंडूच्या साडेसातपट भरते. शाळेत शिकलेला संवेग अक्षय्यतेचा नियम लावला, तर तितक्याच वेगाने फिरणाऱ्या बॅटचं वजन १०० ग्रॅमनी वाढवल्याने स्थिर चेंडूला मिळणारा वेग एक टक्क्याच्या आसपासच वाढतो. आघाताच्या जागी बॅटचं सगळं वजन कामाला येत नाही, हे लक्षात घेऊन तो फायदा दीड-दोन टक्के धरला तरी आकडा लहानच राहतो. ‘तितक्याच वेगाने’ ही अट मात्र मोठी आहे. आठ टक्के जास्त वजन फिरवताना मनगटाचा वेग दोन टक्क्यांनी जरी उतरला, तरी झालेला फायदा तिथेच फिटला. टेनिस बॉल क्रिकेटमधल्या मंडळींना हे हिशोबाविना कळलेलं आहे. तो चेंडू ५८ ग्रॅमच्या आसपासचा. त्याच्यापुढे कुठलीही बॅट आधीच भरपूर जड. म्हणून कोकणातल्या गावोगावच्या स्पर्धांत पाठीमागून खोलगट कोरून हलक्या केलेल्या बॅट दिसतात आणि त्यांनीच षटकार शेताच्या बांधापलीकडे जातात. वजनाचा मोह सुटला, की फिरवण्याचा वेग हाताशी येतो.

शिवाय काट्यावरचं वजन आणि हाताला जाणवणारं वजन या दोन वेगळ्या गोष्टी. पहार मधोमध धरून उचला आणि मग एका टोकाला धरून उचला; पहार तीच, पण दुसऱ्या वेळी मनगट कुरकुरतं. १,१८० ग्रॅमच्या दोन बॅटपैकी जिचं लाकूड तळाकडे साठलंय ती जड वाटते, जिचं वर सरकलंय ती हलकी. पिक-अप म्हणतात तो हाच. आणि त्याचा खरा संबंध फटक्याच्या ताकदीपेक्षा निर्णय बदलण्याशी आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यातला बराचसा वेळ चेंडू ओळखण्यात जातो. सोप्या चेंडूला पहिला अंदाज खरा ठरतो. तिथे बॅट कशीही असली तरी चालतं. अवघड चेंडू म्हणजे ज्याच्याविषयी पहिला अंदाज चुकतो तो. ड्राइव्हसाठी बॅट निघालेली असते आणि चेंडू आत येतो. आता बॅट आवरायची, कोन बदलायचा, पॅडजवळ आणायची. जड किंवा तळाला भरलेली बॅट एकदा खाली निघाली, की ती तुमचं ऐकत नाही, तुम्ही तिचं ऐकता. फट राहते ती तिथेच. डावाच्या सुरुवातीला जी बॅट आज्ञेत असते, ती तिसाव्या षटकात दंड भरल्यावर मालक होऊन बसते. म्हणून बॅट पारखायची तर ताज्या हातांनी नव्हे, सराव संपल्यावरच्या दमलेल्या हातांनी पारखावी. आणि फक्त वरच्या हाताने धरून, पाय न हलवता, स्टंपच्या रेषेत सरळ खाली आणून पाहावी. वरचा हात डगमगला, तर खालच्या हाताची कितीही ताकद त्या बॅटला सरळ ठेवू शकत नाही.

इथे पहिला आणि आपल्याकडे हमखास येणारा आक्षेप उभा राहतो: मग सचिन तेंडुलकरचं काय? त्याची बॅट तीन पौंडांहून जड, म्हणजे १,३६० ग्रॅमच्या वर होती, आणि तिने जे घडलं ते सर्वांसमोर आहे. क्लाइव्ह लॉइड आणि ग्रॅम पोलॉकही जड बॅटचे. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. सचिन हँडलच्या अगदी तळाशी बॅट धरायचा. लहानपणी मोठ्या भावाची बॅट वापरल्याने ती पकड तशी बसली, ही गोष्ट त्याच्याबाबत नेहमी सांगितली जाते. हँडल खाली धरलं, की पहारीच्या उदाहरणातल्याप्रमाणे वजन हातांच्या जवळ येतं, आणि जड बॅट तितकी जड राहत नाही. त्याचा गाजलेला सरळ ड्राइव्हही पाहा. बॅट पुढे येते, चेंडूला भिडते आणि तिथेच थांबते. मोठा झोका नाही, खांद्यावरून फिरणारा फॉलो-थ्रू नाही. वजनाचं काम वजनावर सोपवलेलं. म्हणजे जड बॅट आक्रमक शैलीतून आली नाही. पकड, वजन आणि फटका एकमेकांसोबत वाढले. २००४-०५च्या सुमारास कोपराच्या दुखण्याने त्याला ग्रासलं तेव्हा त्या वजनाचीच चर्चा झाली, हेही विसरायला नको. उलट बाजूला डॉन ब्रॅडमन आहेत. त्यांची बॅट किलोच्या आसपासची. त्या बॅटने १९३०मध्ये हेडिंग्लेवर एका दिवसात ३०९ धावा झाल्या, आणि पूर्ण कसोटी कारकिर्दीत त्यांचे षटकार फक्त सहा. झपाट्याने धावा करायला जड बॅट लागते, हे यातून तरी सिद्ध होत नाही.

सचिनच्या उदाहरणाचा धोका पालकांना जास्त आहे. आपल्याकडे मुलाचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची पद्धत आहे, आणि त्याच काटकसरीने बॅटही वाढत्या अंगाची घेतली जाते. गणवेशाच्या बाह्या दुमडता येतात, बॅटचं वजन दुमडता येत नाही. मग मूल स्वतःच दुमडतं: पकड खाली सरकते, खालचा हात जोर धरतो, बॅट सरळ येण्याऐवजी आडवी ओढली जाते, आणि दोन वर्षांनी प्रशिक्षक त्याला ‘लेग साइडचा खेळाडू’ म्हणू लागतो. शैली म्हणून जे पुढे ओळखलं जातं, त्यातलं काही असं मापाच्या चुकीतून आलेलं असतं. एका मुलाने त्या अडचणीतून अलौकिक काही घडवलं. त्याच अडचणीने किती मुलांचा ऑफ साइडचा खेळ उमलू दिला नाही, याची कुठे नोंद नाही. म्हणून शैलीला साजेशी बॅट घ्या, असं म्हणताना कार्यकारणाचा क्रम उलटा होण्याचा संभव असतो. बॅटने शैली घडवलेली असते आणि आपण त्या शैलीचा दाखला देऊन पुन्हा तसलीच बॅट घेतो.

सचिनचंच आणखी एक उदाहरण मात्र माझ्या म्हणण्याचा सर्वांत मोठा आधार आहे. २००३-०४च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर वारंवार बाद होत होता. जानेवारी २००४मध्ये सिडनीत त्याने नाबाद २४१ केल्या त्या कव्हर ड्राइव्ह जवळपास संपूर्ण वर्ज्य करून. ज्या फटक्यासाठी जग त्याला ओळखत होतं तो त्याने ४३६ चेंडू खिशात ठेवला. शैली जर अंगभूत, अढळ गोष्ट असती, तर हे शक्य झालं नसतं. त्याने त्या डावात विचार केला तो ‘माझा खेळ कोणता’ असा केला नाही. ‘मला कोणता चेंडू बाद करतोय’ असा केला. एवढ्या मोठ्या खेळाडूने जी शिस्त पूर्ण डावाला लावली, ती आपण निदान बॅटच्या खरेदीला लावायला हरकत नाही. त्याहून जुनं उदाहरण सुनील गावसकरच्या शेवटच्या कसोटी डावाचं. मार्च १९८७मध्ये बंगळूरच्या आखाडा झालेल्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध त्याने ९६ धावा केल्या. तिथे चेंडू बॅटवरून उडून जाणं म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हाती जाणं होतं. कसब होतं ते हात सैल ठेवून चेंडू पायाशी निपचित पाडण्यात. ज्या ‘पिंग’साठी दुकानात आपण बॅटवर चेंडू आपटून कान लावतो, त्या पिंगचा अशा तासांना काही उपयोग नसतो. तिथे हातांनी सैल सोडली तरी आज्ञेत राहणारी बॅट लागते.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. हे सगळं कसोटीच्या जमान्याचं झालं, ट्वेंटी-२०मध्ये बचाव कोण करतो? तिथे तर देखणा फटका हाच धंदा. याचं उत्तर प्रयोगाने आधीच दिलेलं आहे. २०१०च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून खेळताना मॅथ्यू हेडनने मुंगूस नावाची बॅट हाती घेतली. पातं नेहमीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने आखूड, हँडल मात्र नेहमीपेक्षा लांब. निव्वळ टोलेबाजीसाठी घडवलेलं हत्यार. दिल्लीविरुद्ध त्याने ४३ चेंडूंत ९३ केल्या आणि बॅटचा बोलबाला झाला. पुढे काही वर्षांत ती मोठ्या क्रिकेटमधून दिसेनाशी झाली. कारण उघड आहे: गोलंदाजाला दिसतंच की पातं आखूड आहे. मग तो चेंडू मारायला सोपा टाकील कशाला? त्याआधी १९८३मध्ये न्यूझीलंडच्या लान्स केर्न्सने खांदे छाटलेल्या बॅटने मेलबर्नवर सहा षटकार मारले, २५ चेंडूंत ५२ केल्या. लोकांना ते षटकार आठवतात, न्यूझीलंड तो सामना मोठ्या फरकाने हरलं हे आठवत नाही. पराभव काही बॅटमुळे झाला नाही, पण एका फटक्यासाठी कातलेली बॅट तेवढ्याच कामाची ठरते, हे त्यातून दिसतं. याउलट महेंद्रसिंह धोनीची खाली भरीव असलेली जड बॅट घ्या. वरवर ती टोलेबाजाची बॅट. पण शेवटच्या षटकांत येणाऱ्या फलंदाजाचा अवघड चेंडू कोणता? यॉर्कर. खालून उपसून काढायचा तो चेंडू, आणि ताकद हवी ती पात्याच्या तळाशी. त्याचा हेलिकॉप्टर फटका जन्मला तो यॉर्करला उत्तर म्हणून. ती बॅट शैलीला शोभत होती हे खरंच, पण शैलीच मुळी अवघड चेंडूच्या पोटातून आलेली होती.

यावरून तिसऱ्या आक्षेपाचंही उत्तर मिळतं, की मग सर्वांनी एकसारखी हलकी बॅट घ्यावी काय? मुळीच नाही. अवघड चेंडू प्रत्येकाचा निराळा असतो, आणि मैदानागणिक बदलतो. सलामीच्या फलंदाजाला नवा, हलणारा चेंडू छळतो. त्याला वजन वर सरकलेली, पटकन आवरता येणारी बॅट हवी. सहाव्या क्रमांकावर येणाऱ्याला यॉर्कर. त्याला मिडल खाली हवं. उंच माणसाला बुंध्यातला चेंडू लवकर सापडत नाही, बुटक्याला छातीवरचा. कांगा लीगचं उदाहरण पाहा. १९४८पासून मुंबईत ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी ही स्पर्धा. ओल्या खेळपट्टीवर चेंडू थबकून येतो, आणि बाहेरच्या गवतात जमिनीवरून मारलेला चेंडू अडकून बसतो. तिथे लवकर फिरणारी बॅट घेऊन फटका आधीच संपवलात तर झेल उडालाच. तोच फलंदाज हिवाळ्यात वानखेडेच्या लाल मातीवर उभा राहिला, तर चेंडू उसळून ग्लोव्हजकडे येतो आणि सगळा हिशोब उलटतो. माणूस एकच, हात तेच, मग त्याची शैली कोणती म्हणायची? शैली सांगता येत नाही, पण दोन्हीकडचा अवघड चेंडू कोणता ते मात्र बोट ठेवून सांगता येतं. निवडीला जर निकष लागत असेल, तर तो असा, बोट ठेवता येणारा असावा.

शेवटचा आक्षेप सर्वांत नाजूक आहे आणि मला तो पूर्णपणे खोडता येत नाही. बॅट ही काही पाना-हातोडी नाही, तिच्यावर जीव जडतो. हातात घेतली की मन उभारी धरतं, अशी बॅट घेऊन उतरणारा फलंदाज अर्धी लढाई जिंकलेला असतो. सगळा हिशोब मांडून घेतलेली बॅट जर परकी वाटत असेल, तर तो हिशोब काय कामाचा? हे म्हणणं मी मान्य करतो, फक्त एक पुस्ती जोडून. जीव जडण्याचं मूळ कशात असतं हे पाहावं. नव्या बॅटवर जडलेला जीव तिच्या पांढऱ्याशुभ्र पात्यावर आणि रंगीत स्टिकरवर जडलेला असतो. जुन्या बॅटवरचा जीव वेगळा. कड फाटलेली, तळाशी गोंद भरलेली, दोरा गुंडाळलेली बॅट माणूस टाकत नाही, ते तिने मारलेल्या चौकारांमुळे नव्हे. ज्या संध्याकाळी काहीच लागत नव्हतं त्या संध्याकाळी तिने यष्टी वाचवलेली असते. म्हणजे भावनेच्या बाजूने गेलो तरी आपण त्याच मुक्कामी पोचतो.

म्हणून नवी बॅट घ्यायला निघण्यापूर्वी जुनी बॅट खिडकीशी नेऊन उजेडात धरावी. लेदर बॉलचे लाल-काळे ठसे तिच्यावर उमटलेले असतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. मिडलवर फिकट गर्दी असेल, ती आपली शैली. तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मग नजर कडेकडे न्यावी, स्टिकरच्या वर न्यावी, तळाच्या फुगलेल्या लाकडाकडे न्यावी. बाहेरच्या कडेवर ठशांची रांग असेल, तर बॅट उशिरा येते आहे: नवी घेताना शंभर ग्रॅम उतरवावेत किंवा वजन वर सरकलेली निवडावी. वरच्या खांद्याजवळ ठसे असतील, तर मिडल वर असलेली. तळ झिजलेला असेल, तर खाली भरीव आणि तंतूला चिवट लाकडाची, मग ग्रेन चार कमी दिसले तरी चालतील. एवढं वाचून झालं की दुकानात जावं, ट्रॅकसूटांच्या ढिगासमोर उभं राहावं आणि पहिला ड्राइव्ह मारण्याआधी, जागा असली-नसली तरी, पायाशी पडलेला एक यॉर्कर खेळून पाहावा.